प्रश्न उद्भवतो

२ ऑक्टोबर

निवृत्त होऊन पाच महिने झाले. निरोप समारंभात शालीसोबत मिळालेली ही डायरी कोरीच होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे काम घेऊन चक्क आमदार आल्या.

नंदाबाई. यंदाच पहिल्यांदा निवडून आल्या आहेत. आधी बोरखडी तांड्यावर अंगणवाडी सेविका होत्या, मग जिल्हा परिषदेत गेल्या. शिक्षण दहावी. जीप कोपऱ्यावर ठेवून पायी आल्या. बायकोला, रजनीला वाटलं, धुण्याभांड्याचं विचारायला कुणी बाई आली आहे. तिने मागच्या दाराने यायला सांगितलं आणि त्या खरंच मागच्या दाराने आल्या. ओळख पटल्यावर रजनी इतकी ओशाळली की पोह्यात मीठच घालायची विसरली.

"साहेब, तुमी कचेरीत विधानसभेच्या प्रश्नाचे उत्तरं लिवत होते ना?"

"एकोणीस वर्षं," मी म्हणालो. कोणत्या कचेरीत ते इथे लिहीत नाही. सवय. पण एवढं लिहितो की त्या एकोणीस वर्षांत माझं एकही उत्तर मुंबईहून परत आलं नाही.

"मंग आता माहे प्रश्न लिवा."

त्यांनी गेल्या अधिवेशनातली छापील यादी पुढे केली. त्यांचा प्रश्न असा होता: 'बोरखडी येथील ग्रामीण रुग्णालयात औषधे नसल्याने फवारणीतून विषबाधा झालेल्या अनेक शेतमजुरांचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय?' पुढे, असल्यास चौकशी केली काय, काय कारवाई केली, वगैरे. उत्तर: '(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही.'

"तीन माणसं मेले साहेब. अन् प्रश्न उद्भवत नाही?"

मी उत्तर पुन्हा एकदा वाचलं आणि जे वाटलं ते सांगितलं. "उत्तर चोख आहे, ताई."

रजनीने चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला.

४ ऑक्टोबर

होकार कळवला. मानधन घेणार नाही असंही कळवलं. मला राजकारणात रस नाही. रिकामं डोकं गंजू नये एवढ्याचसाठी.

त्या आल्या तेव्हा त्यांना मागच्या प्रश्नातली भोकं दाखवली. 'अनेक' म्हणजे किती? तीन म्हणजे अनेक नव्हेत, असं म्हणता येतं. 'औषधे' म्हणजे कोणती? तापाच्या गोळ्या होत्या की रुग्णालयात. आणि 'औषधे नसल्याने मृत्यू' हे तर कधीच खरं नसतं. मृत्यू विषाने होतो. एवढ्या तीन भोकांतून हत्ती निघून जाईल.

"म्हंजे खरं असून बी खरं नाही म्हणता येते?"

"येतं. प्रश्न ढिला असला की येतं."

"तुमी म्हणलं हाय कधी?"

मी म्हणालो, ते काम होतं. त्या मान हलवून वहीत लिहीत राहिल्या. विद्यार्थिनी चांगल्या आहेत. अक्षर मोठं आहे, पण एक शब्द गाळत नाहीत.

७ ऑक्टोबर

आज जीपने बोरखडी तांड्यावर गेलो. यवतमाळहून बासष्ट किलोमीटर. दोन्ही बाजूंना कपाशी, काही ठिकाणी डोक्याच्या वर गेलेली. तिथे पराटी म्हणतात. नंदाबाई म्हणाल्या, एवढ्या उंच पराटीत पाठीवर पंप घेऊन शिरलं की फवारा वर उडतो आणि आपल्याच तोंडावर पडतो. दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणी करणाऱ्याला हे दिवसभर चालतं. पस्तीस वर्षं या जिल्ह्यात नोकरी केली, फवारणीवरच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, आणि पराटीत पाऊल आज पहिल्यांदा टाकलं.

राखी नावाच्या बाईंशी बोललो. वय तिशीच्या आत. नवरा फुलचंद गेल्या वर्षी सप्टेंबरात गेला. त्या आठवड्यात तांड्यावरचे पाच जण आजारी पडले, त्यांतले तीन गेले. मी तारीख आणि वेळ विचारली. तारीख तिला पाठ होती. वेळ ती घड्याळात सांगेना.

"राळेगावची सकाळची एसटी निंगून गेलती तवा ते वावरातून आले. डोळ्याले दिसेना. तोंडातून लाळ. दवाखान्यात नेलं तवा शाळंची मधली सुट्टी व्हाची होती."

मी लिहिलं: अंदाजे सकाळी साडेनऊ ते अकरा.

"मग?"

"डाक्टर पयतच आला. त्यानं कपाट उघडलं, बंद केलं, मंग चिठ्ठी देली. म्हणे, हे इंजेक्शन बाहेरून आना, लवकर आना. मी मेडिकलवर गेली, तिथं नाही. मंग यवतमाळले न्यायले निंगालो. रस्त्यातच गेले."

ती आत जाऊन चिठ्ठी घेऊन आली. रुग्णालयाचाच केसपेपर, वर तारीख, सही, आणि मागे औषधाचं नाव, ॲट्रोपीन. खाली शब्द: 'साठा नाही. बाहेरून आणावे.'

मी चिठ्ठी उन्हात धरून तीनदा वाचली. एवढा पुरावा माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, आणि लगेच त्या बाईसमोर आनंद झाल्याची लाज वाटली.

"माहा कागद वापस भेटन?" तिने विचारलं. मी पोच लिहून दिली, तारखेसह, सहीसह. तिने ती घडी करून ब्लाउजात ठेवली आणि म्हणाली, "एक सांगतो साहेब. त्या डाक्टरले काही झालं नाही पायजे. त्यानंच तं खरं लिवलं."

१२ ऑक्टोबर

मसुदा पाचव्यांदा फाडला. चिठ्ठीचा उल्लेख करावा तर पहिला बळी त्या डॉक्टरचा जाईल. वर्ष-दोन वर्षांच्या नोकरीचा मुलगा असेल. उल्लेख टाळावा तर पुन्हा 'हे खरे नाही'. सहावा कागद पुढे ओढला.

१९ ऑक्टोबर

बाबाराव आला होता. माझं टेबल आता त्याच्याकडे आहे. मीच तयार केलेला माणूस. दिवाळीचा चिवडा घेऊन आला होता.

"सर, आजही तुमच्याच नमुन्यावर उत्तरं करून राह्यलो," तो म्हणाला. "बोरखडीचं मागचं उत्तर पाहिलं ना? जुनी फाईल काढली. अकरा वर्षांपूर्वी तुमी सर्पदंशाच्या लसीवर केलं होतं तेच वळण ठेवलं. रुग्णालयही तेच."

मी म्हणालो, "हो का."

त्याला नंदाबाईंच्या कामाबद्दल काही सांगितलं नाही. त्यालाही पेचात का टाकावं.

तो गेल्यावर ते उत्तर मला शब्दशः आठवलं. प्रश्न होता: 'बोरखडी रुग्णालयात सर्पदंशाची लस नेहमी उपलब्ध नसते, हे खरे आहे काय?' खालून आलेल्या तक्त्यात आठ महिने शून्य होतं आणि चार महिने लस होती. म्हणजे 'नेहमी नसते' हे खरं नव्हतं. मी लिहिलं, हे खरे नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. माहिती जशी आली तशी मी वर पाठवली, एवढंच.

चिवडा चांगला होता. मला खाववला नाही.

२० ऑक्टोबर

रजनी म्हणते मी दोन दिवस तिच्यावर खेकसतो आहे. मला तसं वाटत नाही.

२४ ऑक्टोबर

जमलं. आज सकाळी अंघोळीच्या वेळी जमलं. डॉक्टरने काय लिहिलं ते विचारायचंच नाही. साठा नोंदवहीत त्या तारखेला काय होतं ते विचारायचं.

'(१) गतवर्षी दिनांक १२ सप्टेंबर रोजी सकाळी ९ वाजता बोरखडी ग्रामीण रुग्णालयाच्या साठा नोंदवहीनुसार ॲट्रोपीन इंजेक्शनच्या किती कुप्या शिल्लक होत्या. (२) त्यापूर्वीच्या तीन महिन्यांत रुग्णालयाने या औषधाची मागणी कोणकोणत्या दिनांकास केली. (३) त्यांपैकी प्रत्येक मागणी किती दिवसांत पूर्ण करण्यात आली?'

'हे खरे आहे काय' हे शब्दच नाहीत. आकडा विचारला आहे. आकड्याला 'खरे नाही' म्हणता येत नाही. आणि डॉक्टरने मागणी केली असेल तर तेही त्यातूनच बाहेर येईल. त्याला धक्का लागणार नाही, उलट संरक्षण होईल.

एकोणीस वर्षांत मी इतकं घट्ट काही लिहिलं नव्हतं. रजनीला वाचून दाखवलं. ती निवडायची मेथी खाली ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे तुम्ही आधी का नव्हता करत?"

मी म्हणालो, आधी मी उत्तरं लिहीत होतो. ती म्हणाली, "तेच म्हणते आहे."

९ डिसेंबर

प्रश्न तारांकित म्हणून स्वीकारला गेला. सोडतीत चौदा तारखेच्या यादीत चौथा लागला. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो. गोंधळात पाच-सहाच्या पलीकडे यादी सरकत नाही, कधी कधी दोनही होत नाहीत. चौथा म्हणजे उंबरठ्यावर.

नंदाबाईंचं म्हणणं, मी आणि राखी दोघांनी नागपूरला यावं. प्रेक्षक गॅलरीचे पास काढले आहेत.

१३ डिसेंबर, नागपूर, आमदार निवास

कळंबच्या पुढे जीपमध्ये नंदाबाईंना सांगून टाकलं. सर्पदंशाच्या लसीचं उत्तर माझं होतं. 'नेहमी' या शब्दाची फट मीच शोधली होती. वाटलं, उद्या सभागृहात कुणी जुनं उत्तर वाचून दाखवलं तर त्यांना अंधारात ठेवल्यासारखं होईल. सांगताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"ते तक्रार मीच केलती. अंगणवाडीतल्या एका पोरीले साप चावला होता. मंग माहिती अधिकारात फाईल मांगली. टिपणीवर तुमची छोटी सही होती. वळणदार." पुढे म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्या घरी आलती. कुलूप ज्यानं लावलं त्यालेच किल्ली मालूम रायते."

"त्या मुलीचं काय झालं?"

"वाचली. वर्धेले नेलं होतं. आता बारावीत हाय."

मागच्या सीटवर राखी हे सगळं ऐकत होती. वर्ध्याला चहाला थांबलो तेव्हा तिने कप आधी माझ्या हातात दिला.

उद्याच्या छापील उत्तराची प्रत मिळाली. '(१) ॲट्रोपीनच्या शून्य कुप्या. (२) १९ जून, ८ जुलै, २ ऑगस्ट व ३० ऑगस्ट. (३) मागण्या अंशतः पूर्ण करण्यात आल्या आहेत.' शून्य. छापील शून्य. मी तो कागद किती वेळ हातात धरून बसलो कोण जाणे. मग नंदाबाईंसाठी तीन पुरवणी प्रश्न लिहून दिले, स्वच्छ प्रमाण भाषेत. त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतले.

१४ डिसेंबर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

अकराला कामकाज सुरू होताच दुसऱ्याच विषयावर घोषणा झाल्या. पंधरा मिनिटं तहकूब. पुन्हा सुरू झालं तेव्हा घड्याळात चाळीस मिनिटं उरली होती. दुसरा प्रश्न रस्त्यांचा, त्यावर सगळेच बोलायला उठले. गॅलरीत बोलायची मनाई आहे. राखी माझ्या शेजारी पाठीचा कणा ताठ करून बसली होती. मी घड्याळाकडे बघत होतो आणि ती खाली नंदाबाईंच्या पांढऱ्या पदराकडे.

नऊ मिनिटं उरली असताना अध्यक्षांनी चौथा क्रमांक पुकारला. मंत्री म्हणाले, उत्तर छापल्याप्रमाणे. नंदाबाई उभ्या राहिल्या. माझा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो बाकावर उपडा ठेवला. मी कठड्यावर पुढे झुकलो.

"अध्यक्ष महोदय, मंत्री महोदयांनी लिहिलं आहे की मागण्या अंशतः पूर्ण केल्या. माझा प्रश्न एवढाच आहे, कोणता अंश? चार वेळा डाक्टरनं औषध मागतलं. सप्टेंबरात कपाटात शून्य होतं. फुलचंद नावाचा माणूस त्या दिवशी मेला, तो काही अंशतः मेला नाही. तं अंश कोणता, ते सांगावं."

मागच्या बाकांवरचा आवाज बंद झाला. सत्ताधारी बाजूचा एक सदस्य शेजाऱ्याशी बोलत होता, तोही थांबला.

मंत्री जुने आहेत, अनुभवी. त्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी घेतली, वाचली आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांची भावना समजू शकतो. शासन संवेदनशील आहे. साठा संपेपर्यंत लक्ष न देणाऱ्या संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्याला मी आजच निलंबित करतो. बाकं वाजली. दोन्ही बाजूंची.

ही वाट मला पाठ आहे. निलंबन म्हणजे प्रश्न मिटला. आमदारांना गावात सांगायला काहीतरी मिळतं, मंत्री सुटतात. दहा आमदारांतले नऊ इथे आभार मानून खाली बसतात. राखीने माझा हात घट्ट पकडला. मला वाटलं, संपलं.

नंदाबाई बसल्या नाहीत.

"निलंबन नको, महोदय."

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्या, मंत्र्यांनी कारवाई जाहीर केली आहे."

"तेच नको म्हणते. या डाक्टरनं चार पत्रं लिहिली. शून्य होतं तवा शून्य लिहिलं. त्यानं खरं लिहिलं म्हणून आज हे उत्तर छापून आलं. खरं लिहिणाऱ्याले काढलं तं उद्या जिल्ह्यात कोणी शून्य लिहिणार नाही, सगळे 'पुरेसा साठा' लिहितील, अन् माणसं मरतील. मले औषध पाहिजे. फवारणीच्या आधी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात. अन् ते चार पत्र कोणाच्या टेबलावर पडून होते, तेवढं सांगा. काढायचं तं त्या टेबलाचं बघा."

टेबल. तो शब्द माझ्यासाठी नव्हता, तरी मी खाली बघितलं.

मग जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या बाजूचे, मंत्र्यांच्याच पक्षाचे एक वयस्क सदस्य उठले आणि म्हणाले, माझ्याही तालुक्यात हेच आहे, बाईंना नीट उत्तर द्या. आणखी दोघे उठले. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे बघितलं. मंत्र्यांनी चष्मा काढला. चिठ्ठी न बघता म्हणाले, निलंबन मागे घेतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तीस जूनपूर्वी हे औषध असेल आणि साठा दर सोमवारी दर्शनी फलकावर लिहिला जाईल. मागण्यांच्या विलंबाची चौकशी करून अहवाल पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवीन. मृतांच्या कुटुंबांची नावं मला द्या.

बारा वाजले. तास संपला.

राखीने हात सोडला. तिचे डोळे कोरडे होते. "साहेब, त्यायनं ह्यांचं नाव घेतलं," ती म्हणाली. "सरकारच्या घरात नाव घेतलं."

बाहेर आल्यावर नंदाबाईंना म्हणालो, माझा कागद वाचला असता तर भाषा अधिक शुद्ध झाली असती. त्या हसल्या. मीही हसलो. नंतर कँटीनमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले.

१५ डिसेंबर

घरी परतलो. रजनीने सगळं दोनदा ऐकलं.

६ जानेवारी

आज बाबारावाच्या घरी गेलो आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या उत्तराबद्दल जे खरं होतं ते त्याला सांगितलं. आठ महिने शून्य. म्हणालो, माझा नमुना टाकून दे. त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "सर, वरून दबाव आला तं?"

मी म्हणालो, "आकडा लिही. विशेषण लिहू नकोस. आकड्यावर दबाव आणायला त्यांनाही लेखी द्यावं लागतं."

त्याने ते कागदावर उतरवून घेतलं. माझा जुना विद्यार्थी.

२ जुलै

आश्वासन तीस जूनचं होतं. आज बोरखडीला स्वतः जाऊन पाहिलं. फलक लागला आहे, हिरव्या रंगात. ॲट्रोपीन, दोनशे कुप्या. फलकावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? कपाट उघडायला लावलं आणि मोजल्या. एकशे अठ्ठ्याण्णव. दोन कुठे, विचारलं. परवा वापरल्या, नोंद दाखवली. डॉक्टर तोच आहे. त्याला मी कोण ते सांगितलं नाही. अहवालही पटलावर आला आहे. पत्रं कुठे अडली त्या टेबलाचा उल्लेख त्यात आहे. नाव नाही, पण हुद्दा आहे. तेवढं पुरे नाही, नंदाबाईंनी पुढचा प्रश्न टाकला आहे.

२१ ऑगस्ट

दुपारी नंदाबाईंचा फोन आला. तांड्यावरच्या देवीलालला फवारताना विष भिनलं, दवाखान्यात नेलं आहे. मी मिळेल त्या एसटीने निघालो. बासष्ट किलोमीटर मी देवाचं नाव घेतलं नाही, फक्त कुप्या मोजत होतो.

पोचलो तेव्हा देवीलाल खाटेवर बसला होता. सलाईन चालू. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. बायकोला सांगत होता की पंप वावरातच राहिला, कोणी घेऊन जाईल. नर्स म्हणाली, आत आणल्यावर दहा मिनिटांत पहिलं इंजेक्शन दिलं, मग दर पंधरा मिनिटांनी, एका वेळी तीन-चार कुप्या. एकूण बेचाळीस कुप्या लागल्या.

राखी तिथेच होती, देवीलालच्या बायकोशेजारी जमिनीवर. देवीलाल म्हणजे फुलचंदचा चुलतभाऊ. मला बघून तिने पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली. मी जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

नर्स नोंद करत होती. गर्दी बघून वैतागून तिने विचारलं, "हे कोण? पेशंटचे नातेवाईक का?"

मी उठायला लागलो. दारातून नंदाबाई म्हणाल्या, "ते आमचे साहेब हायेत. प्रश्न लिवतात."

नर्सने मान डोलावली, जणू हे एखादं नेहमीचंच काम असावं, आणि पुढच्या खाटेकडे गेली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझी ओळख कुणी इतकी बरोबर करून दिली नव्हती.